दाराबाहेरच्या चपला

मुक्काम पडेगाव, संभाजीनगर. फारूखभाईंच्या फर्निचर कारखान्याचा माळा. वार बहुतेक गुरुवार, कॅलेंडरापुढं प्लायवूड उभं केलंय म्हणून नक्की दिसत नाही.

तीर्थरूप बानाआत्यास,

अजिनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं मी धडधाकट आहे. तिकडं तू, भारतदादा, वहिनी आणि सगळी शेरडं खुशाल असाल असं धरून चालतो. (रत्नमालावहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. कंसातलं सगळं तुमच्यापुरतं. तिथं नुसतं खाकरायचं आणि पुढं जायचं.) गुडघा काय म्हणतो? काळी शेरडी व्याली का? चहा ओतताना कप सापडतो, का अजून बशीतच धार धरतेस? (यावर ती काय बोलली ते कळवा. शिव्या गाळून.) फोनच केला असता, पण मी डॉक्टर म्हणलं की तुमच्या पाचोडची रेंज जाते. मागल्या खेपेला तर नुसत्या 'डॉक'वरच गेली. पत्राला तसं कापता येत नाही. घाबरू नको, मागायचं काही नाही, सहज लिहितोय.

तर आत्या, सध्या मी दवाखाने सजवायच्या धंद्यात आहे. हसू नको. रसवंती सुटली, मोबाईलची कव्हरं सुटली, वेरूळला टोप्या विकल्या त्याही सुटल्या (टोप्या वाऱ्यानं गेल्या, मी काय करणार), मग दौलताबाद रोडच्या एका हॉटेलात लागलो. तिथं फारूखभाई रोज चहाला यायचे. त्यांनी आजवर कपाटं आणि रुखवताचे दिवाण केलेले, आणि अचानक त्यांना विशाखा मॅडमच्या दवाखान्याचं काम मिळालं. डोळ्याच्या डॉक्टर आहेत, वयानं आपल्या वहिनींएवढ्या. त्यांना दवाखाना दवाखान्यासारखा नको होता, चांगल्या हॉटेलासारखा पाहिजे होता. फारूखभाई म्हणाले, आपल्याकडं हॉटेलातला अनुभवी माणूस आहे. तो अनुभवी माणूस म्हणजे मी. माझा अनुभव म्हणजे पत्र्याखाली कांदे चिरणं आणि गिलास विसळणं. पण मॅडमनी इतक्या आदरानं विचारलं की मीही मान हलवत राहिलो, आणि मान हलवणाऱ्याला या शहरात लोक जाणकार समजतात.

काय काय केलं म्हणून सांगू. पांढरा रंग नाही, बिस्कीट रंग. ट्यूबलाईट नाही, छतात दडवलेले पिवळे दिवे. फिनेल तर मॅडमनी दाराच्या आत येऊ दिलं नाही. (तो वास तिला ठाऊक आहे, वहिनी. तिच्या मालकांच्या, मामांच्या शेवटच्या आजारात मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती, तेव्हापासून तिनं घरात फिनेलची बाटली येऊ दिली नाही. इथं हळू वाचा. नाय, वाचूच नका.) त्याऐवजी फारूखभाईंच्या अम्मीनं, जाहेदाचाचीनं, मोगऱ्याचं अत्तर दिलं. ते मी जरा सढळ हातानं शिंपडलं, तर पहिल्याच म्हाताऱ्यानं दारातून विचारलं, नवरदेव कुठंय. भिंतीला पाण्याचं कारंजं लावलं, मन शांत होतं म्हणून. मन शांत झालं, पण त्या झुळझुळीनं सगळ्या म्हाताऱ्यांना दर घडीला बाथरूमला जावं लागायचं, आणि नंबर पुकारला की माणूस जागेवर नाही. कारंजं बंद केलं. बंद केल्यावर ते गळायला लागलं. सोफा तर असा मऊ की फुलंब्रीचे सर्जेराव नावाचे एक बाबा त्यात बसले आणि घोरायलाच लागले. उठवल्यावर म्हणाले, डोळे मरू दे, दिवस कलला की हाक मार. काउंटरवरची मेघा सगळ्यांना हात जोडून कोकमाचं सरबत द्यायची, आणि लोक दोन पावलं मागं सरायचे. एक जण तर म्हणाला, आम्हाला काय नको बाई, फकस्त डोळं दाखवायचेत. त्यांना वाटायचं सरबत बिलात येणार.

पण खरी कारागिरी होती चपलांच्या कपाटाची. सागवानी, सरकत्या दाराचं, आतल्या बाजूला, भिंतीत बसवलेलं. चपला त्यात सरकवल्या की दिसेनाशा. पायऱ्या स्वच्छ, काचेचं दार चकचकीत. फारूखभाई स्वतःच रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघत राहायचे. मॅडम खूश, मी खूश.

आणि माणसं यायची बंद झाली.

म्हणजे रिक्षातून उतरायची, जीपमधून उतरायची, पायऱ्यांकडं बघायची, एकमेकांकडं बघायची, आणि पलीकडच्या गल्लीत जुन्या डॉक्टरकडं चालू लागायची. तिथं भिंतींचे पोपडे निघालेत, पंखा कुरकुरतो, तरी तिथं उभं राहायला जागा नाही. आणि इथं मॅडम एकट्या, त्या पिवळ्या उजेडात, तपासायच्या काचा पुसलेल्याच परत पुसत बसलेल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "माणसाला दवाखान्याची भीती वाटू नये, एवढंच पाहिजे होतं मला. तुमच्या कामात कमी नाही, अजिनाथ. माझंच काहीतरी चुकलं." एरवी अशा वेळी मी नोकरी बदलतो. (भारतदादाला हे वाक्य परत वाचून दाखवू नका.) पण पाय निघेना. मी गेलो असतो तर त्या खोलीत अजून एक माणूस कमी झालं असतं.

मग झालं असं, की गळक्या कारंज्याच्या वरून आणलेल्या नळीनं छत फुगलं. दुरुस्तीला फारूखभाईंनी सुतार, रंगारी, पीओपीवाले असे सगळे एकदम आणले. कपाटापुढं शिडी लावलेली, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर पायरीवरच काढल्या. चुन्यानं माखलेल्या, अंगठे तुटलेल्या, हा ढीग. तेवढ्यात फुलंब्रीकडची जीप थांबली. दोन बाया उतरल्या. मी दाराशीच होतो. एकीनं ढिगाकडं बघितलं आणि दुसरीला म्हणाली, "हितंच जाऊ गं. लई गर्दी हाय, बाईच्या हाताला गुण असंल." आणि आल्या की आत.

आत्या, माझ्या डोक्यात छतातले सगळे दिवे लागले. आपण तरी काय करतो? कुण्या डॉक्टरची पाटी वाचतो का? बाहेर चपला किती पडल्यात ते बघतो. आणि आम्ही सागवानी दार लावून डॉक्टरची सगळी अब्रू झाकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच चपला गोळा करायला निघालो. जाहेदाचाचीच्या सोनेरी सँडल, टपरीवाल्याच्या स्लीपर, फारूखभाईंचा धाकटा मुनीब, त्याचे फुटबॉलचे बूट, सगळं पायरीवर मांडलं. नीट मांडलं नाही, विस्कटून टाकलं, खरं वाटावं म्हणून. (यात कला आहे, वहिनी. डाव्याशेजारी उजवी ठेवली की संशय येतो.) माणसं येऊ लागली. दोन दिवस मी मिशीतल्या मिशीत हसत होतो, मिशी नाही तरी. तिसऱ्या दिवशी फारूखभाई काम तपासायला आले आणि पायरीवर स्वतःच्या ईदच्या नव्या कोल्हापुरीशी त्यांची गाठ पडली. म्हणजे पडली असती, पण ती घालून कोणीतरी पाहुणा त्यांच्या डोळ्यांदेखतच जीपमध्ये चढला होता आणि बदल्यात टायरचा तळ असलेला जोड ठेवला होता. त्यांनी रस्त्यावरच मला विचारलं की मियाँ, माझी चप्पल माझ्याआधी इथं कशी आली. ते मॅडमनी आतून ऐकलं.

मी सामान बांधायच्या तयारीला लागलो. मॅडम बाहेर आल्या, ढिगाकडं बघितलं, बुटाकडं बघितलं, आणि तिथंच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग गंभीर झाल्या. "ही खोटी गर्दी आधी उचल," म्हणाल्या. "लोक माझ्यावर विश्वास टाकून आत येतात. आणि ते कपाटही काढ." मी ढीग उचलल्यावर त्यांनी स्वतःची चप्पल काढून रिकाम्या पायरीवर ठेवली. ती एवढी एकटी दिसत होती की मी पटकन माझी शेजारी ठेवली. त्या म्हणाल्या, ही चालेल, ही खरी आहे. आता रोज खऱ्या चपला पडतात. ढीग अजून लहान आहे, पण सर्जेरावबाबाचा जोड त्यात पहिला असतो. डोळे तपासून झाले, तरी झोपायला येतात.

बाकी सगळं ठीक. शेरडांना आणि दादाला नमस्कार. थोरांना अनुक्रम सांभाळून दे.

तुझा,
अजिनाथ

ता. क. वर मागायचं काही नाही म्हणालो, ते फक्त तू पुढं ऐकावंस म्हणून. सोफ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात मी एक सतरंजी टाकलीय. मॅडमनी विचारलं, एवढ्या सोफ्यात ही कशाला. मी म्हणलं, माझी आत्या सोफ्यावर बसत नाही. तिथं अजून कोणाला बसू देत नाही मी.

ता. क. दुसरा. (वहिनी, मॅडमना मी बशीतल्या चहाचं सांगितलं. त्या म्हणाल्या बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, पण उशीर करू नका. रविवारचा बाजार झाला की सोमवारच्या पहिल्या एसटीत बसवा. बांगड्या घ्यायला चाललोय असं सांगा. नाहीतर असू द्या, खोटं नको. हे कंसातलं सगळंच मोठ्यानं वाचा. मामांचंसुद्धा.)

ता. क. तिसरा. मला नाशिकला एक काम आलंय, गाडी चालवायचं. नाय म्हणून सांगितलं. तू येईपर्यंत मी इथून हलत नाही, आणि मी एका जागी फार टिकत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा लवकर ये. पाचोडच्या बाजारातल्या तुझ्या त्या करकर वाजणाऱ्या वहाणा घालून ये. स्टँडवर मी आहेच. दिसलो नाही तरी हाक मार. आणि दवाखान्यात आलीस की वहाणा बाहेरच काढ, माझ्या चपलेशेजारी जागा ठेवलीय.