चर्चवरची नवी कौलं

प्रिय सलिल,

आबांच्या धाकात वाढलेल्या आपल्या दोघा भावांची तक्रार एकच आहे: त्या घरात आपल्याला काहीच फुकट मिळालं नाही. रविवारी पवित्र शास्त्रातलं वचन पाठ म्हणून दाखवलं तर ताटात सुरमईची तुकडी, एक शब्द चुकला तर नुसतं कालवण. तू चुकायचास. मी कधी चुकलो नाही आणि त्या तुकडीतला घासही कधी तुला दिला नाही. पुढे तू मिरजोळ्याला आंब्याच्या रसाचा कारखाना काढलास, मी चर्चचा पाळक झालो. मला वाटलं, आपल्या वाटा वेगळ्या झाल्या. आता वाटतं, आबांनी एकदा बरं म्हणावं म्हणून आपण दोघं अजून त्याच पंगतीत बसून आहोत.

हे अक्षर बघून तुला राग येईल. यावा. चौदा महिने तू चर्चची पायरी चढला नाहीस, त्याचं खरं कारण मंडळीला माहीत नाही. तुला आणि मला माहीत आहे.

वादळात चर्चची कौलं उडाली, वासे आधीच वाळवीने पोखरलेले. मंडळीकडून पैसा जमेना, तेव्हा मी तुझ्या कारखान्यावर आलो. दानाच्या महतीवर चांगलं तासाभराचं भाषण मनात जुळवून आलो होतो. तू मला बोलूच दिलं नाहीस. चहा सांगितलास आणि म्हणालास, "दादा, सगळं छप्पर करून घे. फक्त माझं नाव कुठे यायला नको." एवढंच. ना अट, ना टोमणा. मला टोमणा हवा होता, सलिल. तू एक जरी मारला असतास, तर आपली फिटंफाट झाली असती.

नव्या कौलांखालच्या पहिल्याच आराधनेत मी त्या श्रीमंत तरुणावर बोललो. काय केलं म्हणजे सार्वकालिक जीवन मिळेल असं प्रभूला विचारायला आलेला, आणि संपत्ती सोडवेना म्हणून खिन्न होऊन परत गेलेला. श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, इथवर पोचलो तेव्हा माझा आवाज चढला होता आणि नजर तिसऱ्या बाकावर होती. म्हणालो, आपल्यातही असे आहेत, ज्यांच्या कलमांना दरसाल मोहर येतो पण मूठ उघडत नाही. सगळ्यांनी वळून तुझ्याकडे पाहिलं. तू उठलास, नवऱ्यामागोमाग मनस्विनी उठली. तू तिथल्या तिथे एक वाक्य बोलला असतास तर मी संपलो असतो. तू बोलला नाहीस. आराधनेनंतर लोकांनी माझे हात हातात घेतले, म्हणाले, आज खरं कोणीतरी बोललं.

त्यानंतर मनस्विनी एकदा मासळी बाजारात भेटली. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काय दादा, आता गळत नाही ना कुठे?" मी मासे न घेताच घरी आलो.

त्या श्रीमंत तरुणाच्या उताऱ्यात पुढे शिष्य घाबरून विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं? प्रभू सांगतो, माणसाच्या हातून ते होणार नाही, देवाच्या हातून होतं. माझ्या टिपणात ते होतं. मी ते वाचलं नाही. वाचलं असतं तर उंटांच्या रांगेत मलाही उभं राहावं लागलं असतं. तुझ्याकडे बागा होत्या. माझ्याकडे माझी गरिबी होती, पाठ केलेली वचनं होती, तीस वर्षांची प्रवचनं होती, आणि ती मी तुझ्या बागांपेक्षा घट्ट धरून बसलो होतो. कृपा विकत मिळत नाही, कमावता येत नाही, हे मी गावोगाव गरजून सांगितलं. आणि सख्ख्या भावाने फुकट दिलेली कौलं मला सोसली नाहीत.

आबांनी त्या प्रवचनाच्या दिवसापासून तुझं नाव टाकलं. गेल्या महिन्यापासून ते अंथरुणाला खिळलेत. तू दोनदा दारापर्यंत आलास, दोन्हीदा त्यांनी आतून सांगितलं, त्या कंजूषाला परत पाठवा. मी आत त्यांच्या पायाशी बसलो होतो. गप्प बसलो होतो.

काल डॉक्टर म्हणाले, हृदय फार दमलंय, दोन-चार दिवस. आज सकाळी मी आबांना सगळं सांगितलं. रविवारी मंडळीलाही सांगणार आहे, तुझा शब्द मोडून. आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "त्याला द्यायला आता माझ्याकडे काय आहे रे?" मी त्यांची उशी सारखी केली. त्यांनीच पुढे विचारलं, "येईल का तो?" म्हणून हे पत्र. माझा फोन तू घेणार नाहीस, म्हणून ते तुझ्या कारखान्यातल्या गंगारामच्या हाती देतोय. तू माफ करावंस असं मी काही केलेलं नाही, आणि काही करून माफी मिळवण्याचा विचार मी आता सोडलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण उद्या सकाळी ये. फळं आणू नकोस, औषधं आणू नकोस, मोठा डॉक्टर आणू नकोस. रिकाम्या हाताने ये आणि त्यांच्या खाटेवर बस.

तुझाच, तुझ्या छपराखाली राहणारा,
दादा