मागच्या दिव्याचे दोन स्क्रू

नाना, तुमच्या गाडीचे दोन स्क्रू निघत नाहीत. मागच्या नंबरप्लेटवर बोटाच्या पेराएवढा दिवा आहे ना, त्याचे. तो बंद पडून किती दिवस झाले कोण जाणे, कारण गाडीच्या मागे जाऊन आपणच आपला नंबर वाचावा असं तुमच्याशिवाय या घरात कुणाला कधी वाटलं नाही. गाडीला आता पंधरा वर्षं होतील. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन पुन्हा पास करून घ्यावी लागते, आणि तिथे म्हणे एकेक दिवा लावून बघतात. बल्ब म्हणजे चिमूटभर वस्तू, बदलायला काही लागत नाही. पण बल्बापर्यंत पोचायचं तर वरची काच काढावी लागते, काच दोन स्क्रूंनी धरलेली आहे, आणि ते दोन्ही गंजून पत्र्याशी एकजीव झालेत. स्क्रू ड्रायव्हर लावून पिळला की तांबूस भुकटी खाली गळते, स्क्रू जागचा हलत नाही.

इथे धुळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच एक गॅरेज आहे, तिथे घेऊन गेले. मिस्त्री तुमच्यासारखाच, कुणी विचारायच्या आधी खाली बसून बघणारा. त्यानं नखानं गंज खरवडला आणि हसत म्हणाला, "ताई, हाई गाडी काय समिंदरमा ठेयेल व्हती का?" खानदेशात समुद्र कुठला! उन्हाळ्यात हवेतला ओलावासुद्धा पळून जातो आपल्याकडे. मी सगळं तुमच्यावर ढकलून मोकळी झाले. म्हटलं, वडील जळगावला मेहरूणमध्ये राहायचे, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रोज सकाळी गाडी धुवायचे, त्याचं हे फळ. त्यानं मान हलवली. मग जरा गंभीर होऊन सांगितलं की हिसका देऊन स्क्रू तोडता येईल, पण पत्रा आतून सडला असेल तर स्क्रूसोबत तोही हातात येईल, आणि एकदा मागचा पत्रा फाटला की या वयाच्या गाडीवर वेल्डिंग करत बसण्यात अर्थ नाही. घरी येऊन हे सांगितलं तर तुमचे जावई म्हणाले, मग देऊन टाकू भंगारात, झाली की तिची सेवा. माणूस वाईट नाही हो, पण त्यांना गाडी म्हणजे फक्त गाडी वाटते.

मला तसं वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला काय लाजायचं. तुम्ही गेल्यावर तुमचे शर्ट आईनं वाटून टाकले, पुस्तकं शाळेला दिली, चष्मा कुठे गेला ते आठवतही नाही. किल्ली फिरवली की आवाज देणारी तुमची एवढी एकच वस्तू उरली आहे. आई आता माझ्याकडेच असते. तिचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत. पहूरला तिच्या बहिणीकडे जायचं म्हटलं की ती या गाडीत, डाव्या सीटवर, तुम्ही आणून टाकलेल्या त्याच उशीवर बसते आणि पूर्ण रस्ताभर तुमच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवते. मला ही गाडी हवी आहे, नाना. दोन गंजक्या स्क्रूंपायी ती जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

खरं तर तुमचं आणि यंत्राचं काय सूत होतं? जन्मभर मराठी शिकवलंत, सायकलची चेन उतरली तर विद्यार्थ्याला हाक मारत होतात. रिटायर झाल्यावर गाडी घेतली आणि तिला गोठ्यातल्या गाईसारखं धुवायला लागलात. अजून दिसतं मला ते. सकाळी फिरायला जाणारी माणसं तलावाकडे निघालेली आहेत, तुम्ही बनियनवर अंगणात उभे आहात, बादलीत जुन्या धोतराचा फडका आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही थांबवून गाडीचा ॲव्हरेज सांगत आहात. चालवणं कमी, धुणं जास्त. आणि रविवार आला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू आवळायचा. तो ढिला आहे की नाही हा प्रश्नच नाही. ढिलं काही राहायला नको, हे तुमचं माझ्या बाबतीतलंही धोरण होतं.

एका दिवाळीला मी सुट्टीत जळगावला आले होते. शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला फार दिवस झाले नव्हते, म्हणजे शिकवण्याची खाज अंगात ताजी होती. स्वयंपाकघरात आई वांगी भाजत होती, ओट्यावर आणि ओट्याखाली भरलेली भांडी, पिंप, कळशा, कारण नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड येणार. ते गोडं पाणी प्यायला, रांधायला आणि माणशी एक बादली अंघोळीला. बाकी सगळं बोअरवर. तुम्ही बादली घेऊन बाहेर निघालात आणि मी म्हटलं, नाना, बोअरचं पाणी खारं आहे, मिठानं लोखंड लवकर गंजतं, गाडी नुसती कोरड्या फडक्यानं पुसत जा, नाहीतर गोडं पाणी वापरा. बोलताना मी थोडी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले असेन. तुम्ही बादली खाली ठेवलीत. बाहेर शुद्ध मराठी बोलणारे तुम्ही, रागावलात की तुमची अमळनेरकडची बोली वर यायची.

"पेवानं पाणी गाडीले घालू का? आनि तू माले नको शिकाडू."

पिण्याचं पाणी गाडीला घालू का, आणि मला शिकवू नकोस, एवढंच. पण आई पुढ्यात होती, आणि मला ते फार लागलं. कारण ते पाण्यापुरतं नव्हतं. मी विज्ञान घेतलं तेव्हा तुम्ही मान डोलावली नाहीत, धुळ्याची नोकरी धरली तेव्हाही नाही. तुमच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही, ती तर ऊतू जात होती. पण माझं म्हणणं तुम्ही कधी एकदा तरी खरं धरलंत का, हे मला हवं होतं. ते काही मिळालं नाही. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात भरताचा दुसरा वाटा वाढलात, स्वतःच्या हातानं, आणि विषय संपला.

पुढच्या उन्हाळ्यात आपण अमळनेरहून परत येत होतो, आठवतं? दिवेलागणीला गावाबाहेर चहाला थांबलो. तुम्ही सवयीनं गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि मागे जाऊन उभेच राहिलात. नंबरप्लेटचा दिवा गेला होता. मी म्हटलं, घरी जाऊन बघू, त्यानं काय अडतंय. तुम्ही म्हणालात, मागून येणाऱ्याला आपण कोण हे कळायला नको का, तोंड लपवून जायला आपण काय चोरी केली आहे? आणि गाडी वळवून पुन्हा गावात आणलीत. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. त्यानं जुना दिवा काढताना तो तुटला, म्हणून पूर्ण नवा दिवा बसवला, स्क्रूही नवे कोरे चकचकीत. दिवा लागल्यावर तुम्ही मला मागे उभं करून नंबर मोठ्यानं वाचायला लावलात. मी चिडले होते, पण वाचला.

हेच ते दोन स्क्रू, नाना.

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं, पुढचं आज लिहिते. मिस्त्रीनं मला एक तेल दिलं आणि सांगितलं, "जोर नका लावू ताई. तेले तेल पिऊ द्या, मंग तो सोताच येई." तेव्हापासून शाळेतून आले की मी पार्किंगमध्ये गोणपाट टाकून बसते. स्क्रूच्या कडेनं तेलाचे थेंब सोडते, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर हलकेच ठोकते, आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग उलट. आवळायचा भाग तुमच्याकडून आला आहे, तो मला जमतो. आई खुर्ची टाकून शेजारी बसते. काल मी असाच तेलकट हात पुसत तिच्याशी कुरकुरले, की नानांना तेव्हाच सांगितलं होतं, खारं पाणी घालू नका, माझं ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती, पण या माणसानं जन्मात माझं ऐकलं नाही.

आई तिच्या पहूरकडच्या बोलीत, गवार मोडता मोडता बोलावं तसं म्हणाली, "ऐकलं ना माय. तू बोलून गेली, त्या दिवसापासून त्याह्यनं गाडीले खारं पानी लावलं नाही. सोता खाऱ्या पान्यानं आंघोळ करत, अन आपली गोडी बादली गाडीले देत. तुले सांगू नको म्हणे."

तुमचे ते चिकट, राठ झालेले केस मला आठवले. शेवटची दोन-तीन वर्षं तुमच्या डोक्याला काय झालंय म्हणून मी तुम्हाला तेल आणून दिलं होतं, आणि तुम्ही ते मुकाट्यानं लावत होतात. मला रडू आलं, ते लपवायला मी पुन्हा गाडीमागे वाकले आणि स्क्रू ड्रायव्हर फिरवला, आणि डाव्या बाजूचा स्क्रू कुरकुरत, तुमच्यासारखाच आढेवेढे घेत, फिरला. दुसराही आला. पत्रा शाबूत आहे, नाना. वरवर तांबारला आहे, आतून धड आहे. नवा बल्ब बसवला, आईला मागे उभं केलं आणि नंबर वाचायला लावला. तिनं चष्मा नाही म्हणून अर्धा वाचला, अर्धा पाठ होता तो म्हटला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. अमळनेरचे ते स्क्रू नवे होते. ते लागायच्या आधीच्या दिवाळीपासून तुम्ही गाडीला गोडं पाणी घालत होतात. म्हणजे तुमच्या हातून त्या स्क्रूंना खाऱ्या पाण्याचा थेंब लागलेला नाही. तुम्ही गेलात, गाडी माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून दर रविवारी पार्किंगमधल्या नळाला पाइप लावून ती मी धुते. तो नळ बोअरचा आहे, पाणी तसंच खारं. आठवीच्या वर्गाला लोखंड का गंजतं हे मी दरवर्षी शिकवते. तुम्ही असतात तर इथे एखादी म्हण फेकली असतीत, आणि कुठली ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

परवा गाडी पासिंगला न्यायची आहे. मिस्त्रीला अजून वाटतं की गंज तुमचा आहे, आणि त्याला खरं सांगायचा धीर मला झालेला नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते गाडीच्या कप्प्यात पुसायच्या फडक्याखाली राहील. आज रविवार. घरातलं कुणी उठायच्या आत मी माझी अंघोळीची गोडी बादली खाली नेली आणि गाडी धुतली, आणि मग खाऱ्या पाण्यानं न्हाले. आईनं केसांकडे बघून काय झालं विचारलं. मी काही नाही म्हटलं.