हातात बसणारी किल्ली

सौभाग्यवतीस मनापासून आशीर्वाद.

जिना चढताना तुला अजून धाप लागते का? सूनबाईची कंबर बरी आहे ना? नातीचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे.

आमच्या कारखान्यात आता किल्ल्या बंद होणार. तांदळाएवढी चिप हाताच्या कातडीखाली बसवायची, हात दाखवला की दार उघडतं. वेल्डर म्हणाला, "काका, देवानं दिलेला देह आहे, त्यात भेसळ नको."

मी म्हटलं, "अरे, माझ्या बायकोच्या छातीत यंत्र बसवलंय. देव काही तिच्यावर रुसला नाही, उलट माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकतो!" सगळे हसले.

पण तुझं यंत्र तुझ्यासाठी राबतं गं. ही चिप मात्र मी संडासात किती वेळ बसलो तेही साहेबांना सांगणार. किल्ली संध्याकाळी खुंटीला अडकवून मोकळं होता येतं. हात कुठे अडकवू?

म्हणून मी नाही म्हणालो. सोमवारपासून स्टोअरचं काम काढून घेतलंय, बाहेर माल चढवायला लावलंय. वारा जरा झोंबतो, पण स्वेटर आहे. नाही म्हणणारा वेल्डरही जोडीला आहे.

या वयात उगाच हट्ट केला असं वाटलं तर खुशाल रागव, पण लवकर लिही.

तुझाच