पाण्यात बुडवलेले कान

मिथुन,

बोट बंदराला लागली की तू संध्याकाळी फोन करतोस, आणि आपली पोरगी नेमकी तेव्हाच रडते. काल तू म्हणालास, "तुला पोर सांभाळता येत नाही. आईला विचार, मी कधी रडायचो का?" आणि फोन ठेवलास.

पोरगी दूध प्यायली होती, ताप नव्हता. आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणतात, वजन चांगलं वाढतंय, पोट दुखतं ते तीन-चार महिन्यांत थांबेल. पण काल ती दोन तास पाय पोटाशी घेऊन किंचाळत होती. मी तिला दंडांना धरून उचललं. आता गदागदा हलवणार, एवढ्यात मला माझ्याच हातांची भीती वाटली. तिला चटईवर ठेवलं आणि शेताच्या बांधापर्यंत पळत गेले.

परत आले तर घरात आवाजच नव्हता. मी चटईकडे धावले, चटई रिकामी होती.

तुझ्या आईने तिला हातावर पालथं घेतलं होतं, पोट तळव्यावर. ती झोपली होती. मला वाटलं, आता बोलणी खाणार. आई हळूच म्हणाली, "ठेवून गेलीस ते बरं केलंस. मिथुन हिच्याहून जास्त रडायचा. एकदा त्याला झोळीत टाकून मी ओहळात जाऊन बसले, कान पाण्यात बुडवून. त्याला सांगू नको."

मी शब्द दिलाय, म्हणून हे पत्र तांदळाच्या डब्यातच राहील. पण उद्या ती रडली आणि तू फोन ठेवायला लागलास, तर एवढंच म्हणेन: थांब, ऐक जरा. तुझाच आवाज आहे तो.

सायवनच्या घरातून,
जयश्री