लेकीचा अंगठा

४ मार्च
पाय दाखवायला गेलो. डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, तळव्याला दोरा लावते, लागला की सांगा. बराच वेळ बसलो. शेवटी विचारलं, सुरू कधी करताय? "झालं की काका." शुगरने नसा गेल्यात. संध्याकाळी पाय जळतात तेही त्यामुळेच. म्हणजे आग होणार, पण काटा रुतला तर कळणार नाही. छान!
अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. तळवे रोज कुणाकडून तरी बघून घ्यायचे. "घरी कोण असतं?" भिंती, असं तोंडावर आलं होतं.

५ मार्च
लेकीचा, सुजाताचा, पुण्याहून फोन. "अप्पा, रोज तळव्यांचा फोटो पाठवा. मी बघत जाईन." वाकून काढताना कंबर मोडली, पण बरं वाटलं. तिच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं. म्हणजे ठीक.

११ मार्च
फोटो, अंगठा. फोटो, अंगठा. पोरीशी एवढंच बोलणं. तिची आई कमल असती तर तळवे बघता बघता दहा टोमणे मारले असते. फार आठवण येते तिची. इथेच लिहितो, सांगू कुणाला.
निळ्या शर्टाचं बटण तुटलं. दारापाशीच पडलं, सापडत नाही.

१२ मार्च
मुद्दाम कालचाच फोटो पाठवला. अंगठा आला.
जेवण गेलं नाही.

१४ मार्च
तोच फोटो, तोच अंगठा. मग मीही तळवे बघणं सोडलं. बुटात हात घालणंही. कुणासाठी करायचं? रागारागात रंकाळ्यावर लांबपर्यंत चालून आलो.

१५ मार्च
आजही फिरून आलो, बूट काढून चहा ठेवला. शेजारच्या शमीमभाभी आमटी घेऊन आल्या नि दारातच ओरडल्या, "अवो काका, फरशीवर रगात कशाचं हाय?" माझंच. मोजा भिजलेला. बूट झटकला तर निळ्या शर्टाचं बटण पडलं. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. दुखत नाही. तेव्हा मात्र घाबरलो.
त्यांनीच रिक्षा बोलावली. डॉक्टरबाईंना विचारलं, अंगठा राहील ना? "रोज बघू या." परतताना रिक्षात भाभी म्हणाल्या, "पोरीला कळवलासा का न्हाय?"
कळवतो म्हणालो.

१६ मार्च
ड्रेसिंगच्या वेळी पट्टी सोडल्यावर खरा फोटो काढला. घरी येऊन पाठवला. लगेच अंगठा आला.
हसूच आलं. मोबाईल पालथा घालणार, तोवर तो अंगठा पुसला गेला. 
हे लिहितोय आणि फोन वाजतोय. सुजाता. जुने फोटो मी पाठवले, न बघता अंगठे तिने. आधी कुणी बोलायचं?