साडेदहा फुटी बोर्ड

३ फेब्रुवारी
आले – पॅडल बोर्ड एक, साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद. वल्हं एक. पायाला बांधायचा पट्टा एक. मिळून अठ्ठावीस हजार, हमाली वेगळी. चार वर्षांची काटकसर दारापासून देवापर्यंत आडवी पडली आहे! ओलांडून जावं लागतं.

लेकीने नऊ फुटी मागितला होता. लाटांवर उभं राहून वल्हवायचं, महिनाअखेर संघासाठी तिची निवड आहे. दुकानदाराने विचारलं, "ताई, वजन किती मुलीचं?" पोटची पोर – आणि मला ठाऊक नाही! मी साठ म्हणाले. तो म्हणाला, "मोठा स्थिर असतो, पण लाटेवर पटकन वळत नाही हं." म्हटलं, असू दे. वाढत्या अंगाचं घ्यावं. गणवेश, चपला – सगळं तसंच घेतलं तिला. आणि स्थिर असलेलं काय वाईट?

५ फेब्रुवारी
बोर्ड ट्रकने लेकीकडे गेला. खोली केवढी मोठी वाटते.

९ फेब्रुवारी
पत्र नाही. पूजा झाली, जेवण झालं. नऊ वाजले होते फक्त.

१२ फेब्रुवारी
पत्र आलं! "आई, बोर्ड मिळाला. छान आहे." एवढंच. फोनवर दोन वाक्यं, पत्रातही दोनच. 'ये' म्हणून नाही.

माझं तोंडच मेलं तिखट. पंधराव्या वर्षी मावशीकडे राहायला निघाली तेव्हा मी म्हणाले होते, "समुद्र एवढा गोड लागतो ना, मग त्यालाच आई म्हण!" त्याला चार वर्षं झाली. बोलावल्याशिवाय जाऊ कशी?

१६ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीचा फोन. लेक तिच्याकडेच असते. "ताई, बिलावर मुलीचं वजन साठ किलो लिहिलंय, कुठून आणलंस? बावन्नची आहे ती! बोर्ड वळवायला जाते आणि पडते, रोजचंच झालंय. तुला सांगू नको म्हणाली – आईने हौसेने घेतलाय."

म्हटलं, वाढेल की अजून.

"अगं, एकोणीस पुरी झाली. आता काय ताड होणार आहे?" खो खो हसली. मला हसू आलं नाही. मनात मी तिला पंधराचीच धरून बसले होते. देवा, माझं मन राखायला पोर पडते आहे!

१७ फेब्रुवारी
दुकानात गेले. वापरलेला बोर्ड परत घेत नाहीत. नऊ फुटी घेतला, यात्रेसाठी ठेवलेल्यातून. देवाला घाई नाही, निवडीला आहे. वजन विचारलं. "बावन्न," ठासून सांगितलं.

"मग मोठ्याचं काय करणार, ताई? विकायचा तर नवशिक्याला विका. भरल्या अंगाच्या माणसालाही छान पेलतो."

तो बिल करायला आत गेला.

१८ फेब्रुवारी
पत्र टाकलं. नक्कल ठेवते –

"चिमणे, नऊ फुटी निघाला आहे. मोठा विकू नकोस. काल दुकानातल्या पार्सलच्या काट्यावर मी उभी राहिले – सदुसष्ट किलो. पोहता येत नाही. शिकवशील? येऊ का, उलट टपाली कळव."