उपाशी डब्यातला लसूणघास

राहुरी, शुक्रवार संध्याकाळ, जानेवारी १९७१

प्रयोग पार फसला. तरी हसू येतंय, काय करू?

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातून घरी आणलेले रातकिड्यांचे दोन डबे. पिल्लं एकाच आईची. एका डब्याला पोटभर लसूणघास, दुसऱ्याला जेमतेम वाळका पाला. मोठेपणी कुठल्या माद्या नर पारखून घेतात, ते बघायचं होतं. चोखंदळपणा आईकडून येतो की लहानपणच्या खाण्यातून? आज बघतो तर दोन्हीकडच्या माद्या सारख्याच नखरेल! रक्ताचाच गुण म्हणून नाचणार, तेवढ्यात उपाशी डब्याच्या तळाशी लसूणघासाचा हिरवा देठ दिसला.

कुसुमला विचारलं. माझ्याशी लग्न होऊन कोल्हारहून आली, त्याला आता वर्ष होईल.

"रोज टाकत हुते," म्हणाली. "एकीला वाढायचं आन दुसरीला न्हाई, आमाला न्हाई बघवत."

मी चिडलो. पोटभर खाऊन वाढलेली मादी पहिल्याच नराला हो म्हणते का, तेच तपासायचं होतं, असं ओरडून सांगितलं.

"मग मला इचारायचं," ती म्हणाली. "आई एका वांग्यासाठी सगळी पाटी उलटीपालटी करती, मी तिच्यावर गेलीय. वाढले दूधतुपावर. तुमच्या आधी दोन स्थळं मीच परत धाडली."

‘मीच’ म्हणाली? मला वाटायचं, लग्न ठरवताना हिला कुणी विचारलंच नसेल. वर्षभर हेच सलत होतं. आणि आज त्या देठापायी कळलं, हिनं मला पारखून घेतलंय!

सोमवारी सरांसमोर तोंड पाडून उभं राहायचंय. ते काही जमेलसं दिसत नाही.